"अळीला बीटीची सवय झाली" या वाक्याला नेमकं उत्तर काय द्यायचं? (गुलाबी बोंडअळी, शेतीशाळा)

गोदाकाठ (माजलगाव)

नमस्कार मंडळी. कापसाच्या शेतीशाळेची तयारी चालू आहे. गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "अळीला आता बीटीची सवय झाली." माणसाला तंबाखूची होते तशी. (बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेला कापूस.) हे चूक आहे एवढं कळतं, पण नुसतं चूक म्हणून भागत नाही, त्या जागी सोपं आणि खरं काहीतरी द्यावं लागतं. अडतंय ते असं.

ही प्रतिकारशक्ती अप्रभावी जनुकातून येते म्हणतात. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आली तरच अळी वाचते. मग इतक्या अवघड वाटेनं जाणारी गोष्ट २००२ ला बीटी आल्यापासून पंधरा वर्षांत सगळ्या मराठवाड्यात पोचली कशी?

दुसरं, त्याच शेतात, त्याच बीजी-२ वर (दोन विषांच्या बीटीवर) अमेरिकन बोंडअळी दबून राहिली आणि गुलाबी का नाही?

आणि तिसरा प्रश्न शेतकऱ्याचा, हो की नाही एवढंच उत्तर पाहिजे असलेला : नॉन-बीटीच्या आश्रय ओळी (साधे पतंग टिकावेत म्हणून बीटीसोबत लावायच्या त्या) लावायच्या का सोडून द्यायच्या?

किडेकारण (परभणी)

भाऊ, "सवय" हा शब्दच आधी काढून टाका. सवय एकाच जिवाला त्याच्या हयातीत लागते आणि त्याच्याबरोबर संपते. इथं एकाही अळीत आयुष्यभरात काही बदलत नाही. मरायची ती पहिल्या दोन-चार दिवसांत मरते. वाचते ती, जी अंड्यातून निघतानाच मोडकं जनुक घेऊन आलेली असते. मोडकं म्हणतोय ते मुद्दाम. शेतकऱ्याला वाटतं अळी ताकदवान झाली. खरं तर तिच्यातला एक भाग बिघडलाय आणि तो बिघाड तिच्या पथ्यावर पडलाय.

भाग कोणता ते बघा. अळीनं बोंड कुरतडलं की बीटीचं विष, म्हणजे क्राय१एसी हे प्रथिन, तिच्या आतड्यात जातं. आतड्याच्या मधल्या भागातल्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं अळीचं स्वतःचं प्रथिन असतं. विष त्याला जाऊन चिकटतं, मग पेशीच्या आवरणात छिद्रं पडतात, पेशी फुगून फुटतात, अळी खाणं सोडते आणि मरते. कॅडहेरिन म्हणजे कुलूप, विष म्हणजे किल्ली. माणसाच्या आतड्यात हे कुलूपच नसतं, हेही जाता जाता सांगा, कुणीतरी विचारतंच. प्रतिकारक अळीत कॅडहेरिनचं जनुक तुटकं असतं, कुलूप नीट तयार होत नाही, किल्ली फिरत नाही.

आता अप्रभावी का, ते यातूनच निघतं. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक तुटकी आणि एक धड असेल तर धड प्रतीपासून पुरेशी कुलपं तयार होतात, विषाला तेवढी बस होतात. दोन्ही तुटक्या असल्या तरच अळी वाचते. धड प्रतीला "स" म्हणू आणि तुटक्या प्रतीला "प्र". सस मरते, सप्र मरते, प्रप्र वाचते.

प्रयोगशाळेत हे असं तपासतात. प्रतिकारक पतंग आणि साधा पतंग यांची जोडी लावतात, दोन्ही बाजूंनी : एकदा नर प्रतिकारक, एकदा मादी. पतंगांत लिंग ठरवणारी वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, आपल्यासारखी नराकडे नाहीत. म्हणून जनुक लिंग-गुणसूत्रावर असतं तर दोन्ही जोड्यांचा निकाल वेगळा आला असता. तो सारखाच येतो. पहिल्या पिढीची पिल्लं सगळी सप्र, सगळी विषावर मरतात. त्या पिढीतले पतंग आपसात लावले तर चौथाई पिल्लं वाचतात. प्रतिकारक आई-बापाच्या कुळाशी परत लावले तर निम्मी वाचतात. चौथाई आणि निम्मी हे दोन आकडे आले की एकच जनुक, अप्रभावी, असं म्हणता येतं.

बीजी-२ मधल्या दुसऱ्या विषाचं, क्राय२एबीचं, कुलूप वेगळं आहे, एबीसीए२ नावाचं. म्हणून एक कुलूप मोडलं तरी दुसरं शाबूत राहतं, आणि दोन विषं एकत्र देण्यामागचा हिशोब तोच होता.

भारतातल्या गुलाबी अळीत कॅडहेरिनचं जनुक एकाच जागी तुटलेलं नाही. २०१४ साली छापलेल्या एका अभ्यासात इथल्या प्रतिकारक अळ्यांत त्याची आठ वेगवेगळी मोडकी रूपं सापडली. आईकडून एक मोडकं रूप आणि बापाकडून दुसरं आलं तरी पोर प्रतिकारकच निघतं, कारण धड प्रत कुणाकडेच नाही. अप्रभावी असून वेगानं पसरण्यामागचं हे एक कारण. मोठं कारण वेगळं आहे, ते सरकीच्या आत आहे. त्यावर इथले दुसरे लोक माझ्यापेक्षा बरं लिहितील.

सरकी_ते_रुई (जालना)

सरकीच्या आतलं मी सांगतो. जालन्यात सरकीशिवाय दुसरं बोलतं कोण?

आपल्याकडे बीटी सरळ वाणात नाही, संकरित बियाण्यात आली. संकरित बियाणं करताना सहसा एकच पालक बीटी असतो. म्हणजे आपण लावतो त्या झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, दुसरी जागा रिकामी. त्या झाडाच्या पानात, फुलात, बोंडाच्या सालीत विष असतं, कारण ते झाडाचंच अंग. पण सरकीतला कोंब झाडाची पुढची पिढी आहे, आणि तिथं जनुकं परत वाटली जातात.

बीजी-१ मध्ये, म्हणजे एकट्या क्राय१एसीच्या बियाण्यात, चारातल्या एका सरकीत विष नसतं. बीजी-२ मध्ये दोन जनुकं वेगवेगळी वाटली जातात, म्हणून १६ सरक्यांमागे ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये फक्त क्राय१एसी, ३ मध्ये फक्त क्राय२एबी, आणि १ पूर्ण कोरी. तीस सरक्यांचं बोंड धरा : सतराएक सरक्या दुहेरी, साडेपाच-साडेपाच एकेरी, दोनेक कोऱ्या. हे सगळं एकाच कैरीत (हिरव्या बोंडात), एकाच अळीच्या ताटात.

अमेरिकन बोंडअळी पानं, पाते, फुलं, बोंडं असं फिरून खाते. गुलाबी अळीचं सगळं बालपण बोंडात सरकी खाण्यात जातं. सप्र अळी, जी पानावर मेली असती, तिला सालीतून कमी मात्रा मिळाली, मग एखादी कोरी सरकी लागली, मग एकेरी लागली, की ती रडतखडत पतंगापर्यंत पोचते. सस अळीला तेवढाही आधार पुरत नाही. म्हणजे कागदावर अप्रभावी असलेलं जनुक आपल्या बोंडात अर्धवट प्रभावी होऊन बसतं. त्यात भर म्हणजे अंडाशय आणि बोंडाच्या सालीत क्राय१एसीचं प्रमाण पानापेक्षा मुळातच कमी, आणि पीक शंभर-सव्वाशे दिवसांचं झालं की आणखी उतरतं. नेमकी गुलाबी अळी तेव्हाच जोरात असते.

एकेरी सरक्यांचा दुसरा तोटा. दोन विषांचा फायदा तेव्हाच, जेव्हा एका कुलपातून सुटलेली अळी दुसऱ्यात अडकते. एकेरी सरकीत ती अडकण बंद. शिवाय क्राय१एसी एकटं २००२ पासून वापरात होतं, बीजी-२ आलं २००६ मध्ये, आणि त्यानंतरही काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी लागत होते. गुजरातेत २००८ साली गोळा केलेल्या अळ्यांत क्राय१एसीची प्रतिकारशक्ती दिसली आणि ती २०१० मध्ये जाहीर झाली. म्हणजे बीजी-२ ची लढाई सुरू होताना एक कुलूप अर्धं उघडं होतं. पुढची सात-आठ वर्षं सगळा भार क्राय२एबीवर, आणि २०१७ च्या हंगामात आपल्याकडच्या कैऱ्या फोडल्या की काय निघत होतं ते सगळ्यांनी बघितलंय.

चीनचं उदाहरण जरूर सांगा. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटीचं दुसऱ्या पिढीचं बी लावलं. तीच फूट, पण तिथं ती शेतातल्या झाडांमध्ये पडली : चारातलं एक झाड पूर्ण नॉन-बीटी. त्या झाडांवर साधे पतंग वाढले आणि गुलाबी अळीची वाढत चाललेली प्रतिकारशक्ती परत खाली आली. फूट झाडाझाडांत पडली तर औषध, आणि एकाच बोंडातल्या सरकी-सरकीत पडली तर विषाची शिकवणी.

(याचा अर्थ घरची सरकी ठेवून लावा असा नाही. आपल्या संकरित वाणाचं दुसऱ्या पिढीचं बी लावलं तर झाडं उंच-बुटकी, पक्वता मागेपुढे, धागा मिसळ. अळीचं गणित सुधारलं तरी मोंढ्यातलं बिघडतं.)

गोदाकाठ (माजलगाव)

सरकीची फूट अशी कुणी समजावलीच नव्हती. पाकिटातलं नॉन-बीटी आणि बोंडातली कोरी सरकी या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. आता आश्रयाच्या पाच ओळींवर या. आधी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट असायचं. ते बहुतेक ठिकाणी बांधावर नाहीतर जनावरापुढे गेलं, यात लपवण्यासारखं काही नाही. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ ते १० टक्के नॉन-बीटी मिसळूनच येतं. ते पुरतं का?

हिशोबी_काळीमाती (हिंगोली)

आकडे मांडूनच बघा, वाद मिटतो. आकडे मानलेले आहेत, पण हिशोब खरा.

एक लाख अळ्या धरा. प्र या प्रतीचं प्रमाण शंभरात एक. म्हणजे प्रप्र अळ्या फक्त १०, सप्र १,९८०, बाकी सस.

आश्रय शून्य : बीटीवर १० प्रप्र वाचल्या, बाकी सगळ्या मेल्या. पुढची पिढी पूर्ण प्रतिकारक. बियाणं एका पिढीत बाद. पतंग मात्र दहाच, म्हणून शेतकऱ्याला त्या वर्षी काहीच दिसत नाही, हीच खरी मेख.

आश्रय २० टक्के : २०,००० अळ्या नॉन-बीटीवर, सगळ्या वाचल्या. बीटीवरच्या ८०,००० मधून ८ प्रप्र वाचल्या. एकूण २०,००८ पतंग, त्यांच्या ४०,०१६ प्रतींत प्र निघतात ४१६. प्रमाण १ वरून १.०४ टक्के. आठ प्रतिकारक पतंगांना जोडीदार मिळणार तो बहुधा साधाच, त्यांची पिल्लं सप्र, आणि ती पुढे बीटीवर मरणार. आश्रयाचं काम एवढंच : लग्न बाहेर लावून देणं.

आश्रय ५ टक्के : प्रमाण १.१९ टक्क्यांवर जातं. हे पाकिटातल्या मिश्रणाच्या जवळपासचं चित्र, आणि तेही मिश्रण नीट काम करतं असं धरून. करत नाही, कारण बीटी झाडांच्या गर्दीत उभ्या असलेल्या नॉन-बीटी झाडाच्या फुलावर मधमाशी बीटीचा पराग आणते आणि त्याच्याही काही सरक्यांत विष येतं. सलग ओळींचा पट्टा असला तर आतल्या ओळींत हे कमी होतं. जुन्या शिफारशीत "२० टक्के किंवा पाच ओळी, जे जास्त ते" असं असायचं. शेतकरी फक्त पाच ओळी लक्षात ठेवायचा.

आता सरकी_ते_रुई यांचा मुद्दा घाला. आश्रय २० टक्केच ठेवा, पण सप्र अळ्यांपैकी शंभरातल्या दहा बीटीवर वाचू द्या. बीटीवर १,५८४ सप्र होत्या, त्यातल्या १५८ सुटल्या. प्रचं प्रमाण थेट १.४२ टक्के. एका पिढीत दीडपटीच्या जवळ! चार पिढ्यांत चौपट, आणि एका लांबलेल्या हंगामात गुलाबी अळीच्या चार-पाच पिढ्या सहज होतात. म्हणजे आश्रय २० वरून ५ वर आणण्यानं जेवढं नुकसान झालं, त्यापेक्षा जास्त नुकसान सप्र अळी थोडीशी सुटण्यानं होतं. माझं मत स्पष्ट आहे : आश्रय लावला नाही म्हणून सगळं खापर शेतकऱ्यावर फोडणं हा अर्धा हिशोब आहे.

आज काय? आज प्रचं प्रमाण शंभरात ८० आहे असं धरून बघा. प्रप्र ६४ टक्के, सप्र ३२, सस फक्त ४. अशा वेळी आश्रय ओळींवर वाढणारे पतंगही ६४ टक्के प्रतिकारकच. लग्न बाहेर लावायला बाहेर कुणी उरलंच नाही. आश्रय ही प्र दुर्मीळ असताना करायची गोष्ट आहे. गुलाबी अळीसाठी आज पाच ओळी लावल्यानं बीजी-२ ची धार परत येणार नाही. शेतकऱ्याला हे सरळ सांगा.

मोसंबीबाग (अंबड)

मग अमेरिकेत कसं जमलं? तिथं तर गुलाबी अळी संपली म्हणून जाहीर केलं.

किडेकारण (परभणी)

अ‍ॅरिझोनाचं प्रकरण मजेशीर आहे. १९९७ साली, बीटी लावायला सुरुवात होऊन वर्षच झालेलं असताना, तिथं प्र प्रतीचं प्रमाण ०.१६ निघालं, म्हणजे शंभरात सोळा. सगळ्यांना वाटलं दोन-तीन वर्षांत खेळ खलास. झालं उलट, पुढे ते वाढलंच नाही. एक तर आश्रयाचे पट्टे खरोखर लावले गेले. दुसरं, तुटक्या कॅडहेरिनची अळीला किंमत मोजावी लागते : नॉन-बीटीवर प्रप्र अळी साध्या अळीपेक्षा कमी टिकते, हिवाळ्याची सुप्तावस्था पार करून निघणाऱ्या कमी असतात. तिसरं, तिथल्या वाणांत बीटी जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्यामुळे बोंडातली सगळी सरकी विषारी. सप्र अळीला वाट नाही.

नंतर २००६ पासून तिथं आश्रयाऐवजी वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, सोबत गंधाचे सापळे आणि पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) गाडण्याची सक्ती. २०१८ मध्ये निर्मूलन जाहीर झालं. महाराष्ट्रात कापूस चाळीस लाख हेक्टरच्या आसपास, दोन-दोन एकरांच्या तुकड्यांत. ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण पऱ्हाटीची सक्ती उचलता येते, तिला विमान लागत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. अमेरिकन बोंडअळी तुरीवर येते, हरभऱ्यावर येते, सूर्यफूल, टोमॅटो, भेंडी, सोयाबीन, काहीही. आपल्याकडे कापसात तुरीच्या ओळी असतात, रब्बीत हरभरा असतो. हा फुकटचा, कुणीही न सांगता लावलेला आश्रय. तिथं वाढलेले साधे पतंग कापसावरच्या वाचलेल्यांशी जोडी लावतात. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते, भेंडी-अंबाडीवर थोडीफार. तुरीच्या ओळी तिच्यासाठी आश्रय नाहीत. कापूस सगळा बीटी झाला त्या दिवशी तिच्यासाठी बाहेरचं जग संपलं.

पाते_फूल_बोंड (नांदेड)

शेतीशाळेत करून दाखवण्यासारखं एक सांगतो. बीडीएन-७११ तूर पांढरी आणि बीडीएन-७१६ लाल, दोन्ही बदनापूरच्याच, दाणे साधारण एका मापाचे. पिशवीत १८० पांढरे आणि २० लाल दाणे घाला. लाल म्हणजे प्र. न बघता दोन-दोन दाणे काढून शंभर जोड्या मांडायला लावा. दोन्ही लाल अशी जोडी एखादीच निघेल, लाल-पांढऱ्या अठराच्या आसपास. आता पहिल्या वीस जोड्या आश्रयाच्या म्हणून बाजूला ठेवा, त्यांना हात नाही. उरलेल्या ऐंशीतून लाल-लाल सोडून बाकी उचला. राहिलेल्या दाण्यांत लाल-पांढऱ्याचं प्रमाण मोजा. मग तोच खेळ आश्रयाशिवाय. तिसऱ्यांदा आश्रय ठेवा, पण लाल-पांढऱ्या जोड्यांतली दर पाचवी वाचू द्या. तीन फेऱ्यांना पाऊण तास लागतो आणि "सवय" शब्द आपोआप मागे पडतो. चूक होते ती एकाच ठिकाणी : लोक पिशवीत बघून दाणे काढतात. कापडी पिशवी घ्या, तोंड आवळून.

आता शेतातलं. अळी दिसली की लगेच "बियाणं बोगस" किंवा "प्रतिकारशक्ती" यातलं काहीतरी एक जाहीर करू नका. पाकिटातच ५ ते १० टक्के नॉन-बीटी आहे, मग अळी कोणत्या झाडावर आहे ते आधी बघा. बीटी तपासायच्या पट्ट्या मिळतात. शेंड्याजवळचं कोवळं पान घ्या, कुपीच्या झाकणानं त्याचा गोल तुकडा कापून कुपीत पाडा, काडीनं चेचा, सोबतच्या द्रावणाचे सांगितलेले थेंब घाला, पट्टी उभी करा, दहा मिनिटांत वाचा. वरची रेघ नियंत्रणाची. ती आली नाही तर पट्टीच खराब, निकाल धरू नका. क्राय१एसी आणि क्राय२एबी दोन्हींच्या रेघा दाखवणारी पट्टी घ्या. जून झालेलं, धुळीनं भरलेलं पान घेतलं की रेघ फिकी येते आणि भांडण सुरू होतं. दोन्ही रेघा असलेल्या झाडाच्या हिरव्या बोंडात मोठी जिवंत अळी सापडली तर तो प्रतिकारशक्तीचा संशय. पुरावा अजून नाही.

पुरावा प्रयोगशाळेत. अशा झाडांची न उमललेली कैरी गोळा करायची, हवा खेळेल अशा डब्यात पाठवायची. तिथं अळ्यांचे पतंग करून त्यांची पिल्लं विष मिसळलेल्या खाद्यावर सोडतात. अ‍ॅरिझोनातल्या चाचण्यांत मोजमाप होतं एक मिलिलिटर खाद्यात १० मायक्रोग्रॅम क्राय१एसी आणि २१ दिवस. मोठी अळी सरळ विषावर सोडून उपयोग नाही, मोठी अळी साधी असली तरी बराच वेळ तग धरते आणि निकाल फसवा येतो. पोस्टानं प्लास्टिकच्या पिशवीत आलेल्या कैऱ्या तर बहुधा बुरशीच घेऊन पोचतात.

काठावरचा (गेवराई)

एवढं सगळं वाचून एकच विचारतो. बीजी-२ गुलाबी अळीला चालत नाही, तर ते घ्यायचंच कशाला? देशी लावा, पीए-२५५ सारखं, स्वस्तात.

हिशोबी_काळीमाती (हिंगोली)

देशी लावायला हरकत काहीच नाही, कोरडवाहू हलक्या रानात तर उलट बरं. पण देशीवर गुलाबी अळी येत नाही असं समजू नका, आणि बीटी नसल्यावर अमेरिकन बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळी परत तुमच्या माथी. बीजी-२ आज त्या दोघींसाठी घ्यायचं. त्यातही १५०-१६० दिवसांत हातात येणारं. १८० दिवस चालणारा वाण घेतला की गुलाबी अळीला एक पिढी बक्षीस दिली.

पाते_फूल_बोंड (नांदेड)

तेच. जनुकाची बाजी गेली, आता कॅलेंडरची खेळायची. शेतीशाळेत वेळ याच्यावर घालवा.

सुप्तावस्थेतली अळी सरकीत, पऱ्हाटीच्या नख्यांत, जिनिंगच्या कचऱ्यात बसून असते. मे-जूनच्या ओलाव्यानं पतंग निघायला लागतात. त्या वेळी पाते लागलेला कापूस नसला तर अंडी घालायला जागा नाही, पतंग वांझच मरतो. म्हणून मे महिन्यात ठिबकवर सरकी टोबायची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, आणि गावाची टोबणी शक्य तितकी एका आठवड्यात. एकानं मेमध्ये लावलं तर त्याचं रान हे सगळ्या गावाचं रोपवाटिका केंद्र होतं.

पाते लागताना, म्हणजे ४५ दिवसांच्या सुमारास, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), पेक्टिनोल्यूर ही गुलाबी अळीच्या वासाची गोळी घालून. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा वीतभर वर, पीक वाढेल तसा वर घ्यायचा. विसरला की सापळा पानांत बुडतो आणि पतंग शून्य दिसतात, लोक निवांत होतात. गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदला. तूर-हरभऱ्याच्या हेलील्यूरला लावलेल्या हातानं ही गोळी धरू नका, वास मिसळतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली.

डोमकळ्या, म्हणजे उमललेलीच नाहीत अशी चिकटलेली फुलं, दिसताच तोडून अळीसह नष्ट करायच्या. बांधावर टाकल्या तर काही उपयोग नाही, अळी तिथून निघून मातीत कोष करते. दर आठवड्याला एकरात फिरून वीस झाडांची एकेक हिरवी कैरी, बारा-चौदा दिवसांची, फोडून बघा. बाहेरून छिद्र शोधू नका, अळी लहान असताना आत शिरते आणि ते भोक बुजून जातं. वीसात दोन कैऱ्यांत अळी निघाली की फवारणी.

फवारणीचं कारणही समजावून सांगा : औषध कैरीच्या आत पोचत नाही. अंडं फुटल्यावर आत शिरेपर्यंतची अळीच सापडते, म्हणून सापळ्याचा आकडा बघून फवारलं तर पैसे वसूल, कैरी किडल्यावर फवारलं तर समाधान. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दहा लिटरला ४ ग्रॅम, पुढच्या वेळी वेगळ्या गटाचं. एकच औषध परत परत मारलं की किडेकारण सरांनी सांगितलेलं सगळं परत लागू होतं, फक्त जनुक वेगळं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड नोव्हेंबरच्या आधी नको, पांढरी माशी उसळते. ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रीची (किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या बारीक मित्रकिडीची) कार्डं लावली असली, एकरी ६० हजार अंडी, तर आठवडाभर रासायनिक फवारा थांबवा. कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचायचं.

आणि फरदड (हंगाम संपल्यावर पाणी देऊन लांबवलेला कापूस) नको. डिसेंबरअखेर वेचणी आटोपून जनावरं सोडा, राहिलेल्या कैऱ्या खाऊ द्या, पऱ्हाटी श्रेडरनं बारीक करून गाडा. जळणासाठी बांधावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या जूनचे पतंग. पाणी शिल्लक आहे म्हणून मार्चपर्यंत ठेवलेल्या कापसात दोन पिढ्या जादा होतात, आणि वर दाखवलेला दीडपटीचा हिशोब त्या दोन्ही पिढ्यांना लागतो.

गोदाकाठ (माजलगाव)

तुरीचे दाणे उद्याच मोजून ठेवतो. एक शंका राहिली : पाच-सहा महिने शेतात कापूसच ठेवला नाही, तर प्रतिकारक आणि साध्या दोन्ही अळ्या सारख्याच मरतील. मग प्रचं प्रमाण कमी होणार नाही ना?

किडेकारण (परभणी)

बरोबर पकडलंत. प्रमाण तेवढ्यानं कमी होत नाही, संख्या कमी होते. थोडा फरक पडलाच तर सुप्तावस्थेत प्रप्र अळी जास्त मरत असेल तेवढाच, आणि तोही मोडक्या जनुकाचं रूप कोणतं त्यावर अवलंबून. शेतकऱ्याला तुम्ही "बीटी परत चालू होईल" असं सांगू नका. जूनमध्ये कमी पतंग, सप्टेंबरमध्ये कमी डोमकळ्या, आणि पहिल्या दोन वेचण्या कवडीशिवाय (किडक्या कापसाशिवाय), एवढंच सांगा.